अर्जुनरावांची शुद्ध वीज

निलंग्यात अर्जुनरावांना न ओळखणारा माणूस शोधायचा असेल, तर आधी त्याच्याकडे शेत नाही याची खात्री करून घ्यावी लागेल. चौतीस वर्षं त्यांनी जमिनीची मोजणी केली. अर्धा तालुका त्यांना देवमाणूस म्हणत असे आणि उरलेला अर्धा शिव्या घालत असे. कोण कुठल्या अर्ध्यात, हे बांध कोणाकडे सरकला यावर ठरायचं.

मोजणीला गेलं की दोन्ही बाजू बोलतात. बोलतात म्हणजे काय, बाप, आजा, खापरपणजोबा, सगळ्यांना साक्षीला उभे करतात. जळकोटकडे एका म्हातारीने मुठीत माती घेऊन शपथ खाल्ली होती, की ही चिंच माझ्या सासऱ्यानं माझ्या डोळ्यांदेखत लावली. तरुण अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मोजणीची साखळी टाकली. चिंच नऊ फूट पलीकडे, चुलत दिराच्या रानात निघाली. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की माणसाच्या तोंडाला हद्दीचे दगड नसतात. तेव्हापासून आकडा नसलेलं वाक्य त्यांच्या वहीत जात नसे.

ही रीत त्यांनी घरातही आणली. बायको, सत्यशीलाबाई, म्हणाली अंग गरम लागतंय, की आधी थर्मामीटर. ती म्हणाली दूधवाला पाणी घालतो, की आधी लॅक्टोमीटर. आमटीतल्या मिठाला मीटर मिळत नसल्यामुळे तेवढ्या एका बाबतीत बाईंचा शब्द प्रमाण धरला जाई.

तशी ही सवय निरुपद्रवी. गावात यावर हसून झालं होतं. पण गेल्या वर्षी याच सवयीपायी सत्यशीलाबाईंचा जीव जायची पाळी आली, आणि तीही कशासाठी, तर घरात गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून.

गाण्याचं वेड अर्जुनरावांना निवृत्तीनंतर लागलं. लेक सासरी गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि तिथे एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन उंच स्पीकर येऊन नव्या जावयांसारखे बसले. कोणी आत चपला घालून गेलं तर अर्जुनराव कपाळाला आठ्या घालत. पहिल्या दिवशी त्यांनी ख्याल लावला, डोळे मिटले, आणि तानपुऱ्याच्या मागे त्यांना आणखी एक सूर ऐकू आला. घूंऽऽऽ. गाणं थांबवलं तरी घूंऽऽऽ चालूच.

"वीज घाण आहे," त्यांनी निकाल दिला.

निलंग्याची वीज स्वच्छ आहे असं तिचा मित्रसुद्धा म्हणणार नाही. उसाच्या रानातले पंप चालू झाले की घरातला पंखा विचारात पडतो, आणि पंप बंद झाले की तोच पंखा छतासकट उडायला बघतो. अर्जुनरावांनी मीटर आणलं आणि आठ दिवस तासातासाला भिंतीतल्या सॉकेटची मोजणी केली. खाली एकशे बहात्तर व्होल्ट, वर दोनशे एकसष्ट. वहीची चार पानं भरली. मग ती वही पिशवीत घालून ते लातूरला, गंजगोलाईतल्या एका दुकानात गेले.

"स्टॅबिलायझर दाखवा."

"कशासाठी काका? फ्रिज?"

"न्हाई."

"टीव्ही? एसी?"

"गाणं."

दुकानदाराने बिचाऱ्याने कान पुढे केला. "गाण्याला स्टॅबिलायझर?"

"गाण्यालाच. रोज एकशे बहात्तर ते दोनशे एकसष्ट खातंय."

पहिला स्टॅबिलायझर आला. त्याच्यात व्होल्टेज बदललं की आतला पट्टा टक् करून पडे. आलाप रंगात आला की टक्. समेच्या आधी अर्धी मात्रा, टक्. तबल्यापेक्षा स्टॅबिलायझरच जास्त हात दाखवू लागला. तो परत गेला. दुसरा आला सर्व्हो. हा टकटक करत नसे, पण त्याच्यात एक मोटार होती, ती सतत कुर्रऽऽ फिरे, जणू आत एखादी म्हातारी जातं ओढतेय. अर्जुनरावांनी त्याला व्हरांड्यात हाकललं आणि वायर खिडकीतून आत घेतली. व्होल्टेज दोनशे तीसवर येऊन उभं राहिलं. घूंऽऽऽ मात्र जागचं हललं नाही.

पुण्याचा पुतण्या विनोद फोनवर म्हणाला, "काका, परदेशी पॉवर कंडिशनर मिळतो. माझ्या मित्राकडे आहे. आवाजाला एकदम मखमल येते."

"किती?"

"किती म्हणजे?"

"मखमल किती येते? आकडा सांग."

विनोदने माहितीचा कागद पाठवला. त्यात मखमल होती, रेशीम होतं, पहाटेचं दव होतं, आकडा एकही नव्हता. अर्जुनरावांनी कागद सत्यशीलाबाईंना डब्याखाली घालायला दिला.

"एवढं घूं घूं मला तर ऐकूच येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुला मोजता येतं का?"

"मला ऐकता येतं."

यावर अर्जुनराव हसले. मोजणी न बघता निकाल देणाऱ्या एका मामलेदारालाही ते असेच हसले होते, आणि पुढे त्याची बदली झाली होती.

शेवटी कोणीतरी नांदेडच्या भुजंगचं नाव सांगितलं. वजिराबादच्या मागच्या गल्लीत भुजंग ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो. साठीचा गडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोटांना वार्निशचा वास. अर्जुनराव पोचले तेव्हा तो तांब्याची तार रिळावर चढवत होता आणि तोंडाने मोजत होता. "सातशे बारा, सातशे तेरा…" वेढे मोजताना भुजंग कुणाशी बोलत नसे. गिऱ्हाइकं वैतागून जात. अर्जुनराव स्टुलावर बसले आणि दीड तास भक्तिभावाने ऐकत राहिले. त्यांना वाटलं, चौतीस वर्षांनी पहिल्यांदा खरं बोलणारा माणूस भेटला.

"अकराशे चाळीस," असं म्हणून भुजंगने तार तोडली. "बोला साहेब."

अर्जुनरावांनी वही उघडली. भुजंगने चारही पानं वाचली, आणि त्याला हसू आलं नाही.

"तुम्हाला स्टॅबिलायझर पुरणार न्हाई," तो म्हणाला. "आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पायजे. आतली तार आणि बाहेरची तार एकमेकीला शिवत न्हाईत. बाहेरची घाण बाहेर राहती. एक केव्हीएचा करून देतो. वर एक बॅटरीवाला इन्व्हर्टर ठिवा, म्हंजे लाइन गेली तरी गाणं तुटायचं न्हाई. आणि अर्थिंग तपासा. लई घरांत खड्डा सुकलेला असतो."

"अर्थिंग किती खोल?"

"आठ फूट. तांब्याची पट्टी, एक पोतं कोळसा, धा किलो मीठ." अर्जुनराव भराभर लिहून घेत होते. "आणि साहेब, ध्यानात ठिवा, नवी अर्थिंग केली तरी घराची तार तिच्यावरून काढू नका. घराला अर्थिंग पायजेच."

या शेवटच्या वाक्यात आकडा नव्हता. अर्जुनरावांनी पेनाला टोपण घातलं होतं.

पंधरा दिवसांनी ट्रान्सफॉर्मर एसटीने आला, मागच्या सीटवर, अर्जुनरावांच्या मांडीला मांडी लावून. अंगणातला अर्थिंगचा जुना खड्डा आठ फूट खोल झाला. कोळसा पडला, मीठ पडलं, गाण्याच्या खोलीत बॅटरीवाला इन्व्हर्टरही आला. खड्डा ओला राहायला हवा म्हणून अर्जुनराव रोज सकाळी त्यात घागरभर पाणी ओतू लागले.

"तुळशीला पाणी घाला म्हणलं तर गुडघे दुखतात," सत्यशीलाबाई ओसरीवरून म्हणाल्या, "आणि खड्ड्याला घागरीनं अभिषेक करून राहिले."

"तुळशीला ओहम नसतो."

"असूनसुद्धा तिनं सांगितला नसता तुम्हाला."

मग अर्जुनरावांनी आयुष्यातली सगळ्यात चोख हद्द आखली. खड्ड्यातून एक हिरवी तार वर येऊन घराच्या बोर्डाला जात होती, आणि तिथून फ्रिज, मिक्सर, धुण्याचं मशीन, सगळ्यांना. त्यांनी विचार केला, एवढ्या सगळ्यांची घाण एकाच तारेतून उतरते आणि तिथेच माझा अ‍ॅम्प्लिफायर पाय ठेवणार? भाऊबंदांची सामाईक विहीर त्यांनी पुष्कळ पाहिली होती. वाटणी करावी हे बरं. त्यांनी बोर्डाकडे जाणारी हिरवी तार कापली, टोकाला टेप गुंडाळला, आणि तो आठ फुटी, दहा किलो मिठाचा खड्डा एकट्या गाण्याच्या खोलीच्या नावावर केला.

त्या संध्याकाळी त्यांनी ख्याल लावला. घूं नव्हतं. तानपुरा होता, त्याच्यामागे गायिकेचा श्वास होता, आणि श्वासामागे काही नव्हतं. अर्जुनरावांनी तीनदा तेच गाणं ऐकलं. सत्यशीलाबाईंना हाताला धरून आणून बसवलं. त्या ऐकून म्हणाल्या, "चांगलं आहे की." त्यांना खरंच चांगलं वाटलं होतं. नवऱ्याचा चेहरा इतका मऊ झालेला त्यांनी लेकीच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्या मागच्या दारातून ओरडल्या.

"अहो, मशीनला झिणझिणतंय."

धुण्याचं मशीन मागे पत्र्याच्या शेडखाली, धुण्याच्या दगडाशेजारी होतं. अर्जुनराव मीटर घेऊन आले. मशीनच्या सॉकेटमध्ये दोन काड्या घातल्या. "दोनशे एकतीस. बरोबर आहे."

"सॉकेटचं न्हाई म्हणत मी. मशीनच्या पत्र्याला."

अर्जुनरावांनी पत्र्याला हात लावला. त्यांच्या पायात रबरी चपला होत्या. "काही नाही."

"मग मी काय खोटं सांगून राहिले?"

"खोटं म्हणत नाही. मोजणीत येत नाही एवढंच."

"तो टेस्टर लावून बघा की. पंढरी वायरमन लावायचा बघा, दिवा लागायचा त्यात."

"टेस्टर हो किंवा नाही सांगतो," अर्जुनराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "किती ते सांगत नाही. त्याला यंत्र म्हणत नाहीत."

त्यांच्या हातातल्या मीटरची एक काडी पत्र्याला आणि दुसरी ओल्या जमिनीला टेकवली असती तर आकडा आला असता, आणि अर्जुनरावांचा त्या आकड्यावर लगेच विश्वास बसला असता. पण ही जागा मोजा असं सांगणारं माणूस होतं, आणि माणूस दाखवेल तिथून मोजणी सुरू करायची नाही हा तर त्यांचा धर्म होता.

सत्यशीलाबाईंनी आणखी चार वेळा सांगितलं. एकदा पोळी वाढताना, एकदा डॉक्टरांच्या बाकड्यावर, एकदा लेकीच्या फोनवर ऐकू जाईल असं, एकदा नुसतंच. त्यानंतर त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी देवघरातला जुना लाकडी पाट आणून मशीनपुढे ठेवला आणि त्याच्यावर उभं राहून कपडे टाकायला सुरुवात केली. पाटावर झिणझिणत नसे. बायका अशा वाटा काढतात. आतून गाण्याचा आवाज येई, केसभर घूं नसलेला, आणि मागे त्या पाटावर उभ्या राहून बोटाच्या टोकाने बटण दाबत. मशीनच्या पोटातली एक तार उंदराने कुरतडली होती आणि दर आठवड्याला थोडी थोडी उघडी पडत होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

एका रविवारी भुजंग नांदेडहून आला. आपण गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर गाताना ऐकावा अशी त्याची इच्छा होती. आजवर त्याच्या ट्रान्सफॉर्मरांनी पिठाच्या गिरण्या चालवल्या होत्या. अर्जुनरावांनी पहाटेपासून खोली सजवली. ट्रान्सफॉर्मर फरशीवर बारीक थरथरतो असं त्यांना दोन दिवसांपासून वाटत होतं. त्याच्याखाली लाकूड हवं. ते घरभर फिरले, मागच्या दारी त्यांना एक चांगला सागवानी पाट आयता सापडला, आणि तो त्यांनी ट्रान्सफॉर्मरखाली सरकवला.

"अहो, इथला पाट?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"ट्रान्सफॉर्मरखाली. थरथरत होता."

"मला लागतो तो."

"पाहुणा गेला की घे."

भुजंग आला, चहा झाला, गाणं लागलं. भुजंग ऐकता ऐकता बोटं मोजल्यासारखी हलवू लागला. विलंबित संपत आलं तेव्हा तो पुटपुटला, "साहेब, ह्याच्यात माझे अकराशे वेढे हायेत बगा." अर्जुनरावांनी मान डोलावली. दोन म्हातारे एकमेकांकडे बघून कृतकृत्य झाले.

ते तसे बसलेले असताना मागे सत्यशीलाबाईंनी पाहुण्याच्या अंथरुणाची चादर मशीनमधून काढायला हात घातला. पाय ओल्या फरशीवर होते.

खोलीत काही कळलं नाही. दिवा फडफडला नाही, आवाज हलला नाही. बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून अर्जुनरावांनी जे जे केलं होतं, ते सगळं त्या क्षणी चोख काम करत होतं.

भुजंग हात धुवायला म्हणून मागे गेला. दगडापाशी सत्यशीलाबाई भिंतीला टेकून पडल्या होत्या, एक हात अंगाखाली वाकडा, ओठ निळसर. भुजंगने आयुष्यभर तारांत काढलेली. तो त्यांना शिवला नाही. आधी पळत जाऊन त्याने मेनचा दांडा खाली ओढला. फ्रिज बंद झाला, पंखे बंद झाले, घर मुकं झालं.

गाणं चालूच राहिलं. त्याला बॅटरी होती. अर्जुनराव डोळे मिटून द्रुत ऐकत होते.

"साहेब!" भुजंग दारातून ओरडला. "उठा! वहिनीला करंट बसला!"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. पत्र्याला हात चिकटून बसला असता तर पुढचं बोलायला नको. मनगट मोडलं होतं, दोन बोटं भाजली होती, छातीचे ठोके रात्रभर तारांना जोडून बघावे लागले. त्या यंत्रावर आकडे येत होते. ब्याऐंशी, एकशे चार, एकोणनव्वद. अर्जुनराव पलंगाशेजारी बसून होते. त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

पहाटे तिने डोळे उघडले.

"कधीपासून झिणझिणत होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "पाच बार सांगितलं."

"चार," ते सवयीने म्हणाले, आणि म्हणताच त्यांना मागच्या दारातली ती पहिली हाक आठवली.

भुजंग नांदेडला परत गेलाच नाही. तो अर्जुनरावांच्याच घरी राहिला. टेप गुंडाळलेलं हिरव्या तारेचं टोक त्याला सापडलं. दवाखान्यातून कपडे न्यायला आलेल्या अर्जुनरावांना तो म्हणाला, "म्या सांगितलं होतं, साहेब."

"मी लिहून घेतलं नाही."

"लिहायचं काय त्यात? ऐकायचं होतं."

एरवी भुजंगला साहेबांशी असं बोलवलं नसतं. अर्जुनरावांनीही मान खाली घालून ऐकून घेतलं. दोघांनी मिळून घराची तार पुन्हा जोडली, मशीनची कुरतडलेली वायर बदलली, बोर्डावर गळती होताच घरभराची वीज तोडणारा नवा ब्रेकर बसवला. गाण्याच्या खोलीत घूं परत आलं का, हे कोणी बघायला गेलं नाही. भुजंग म्हणाला, अंगणात दुसरा खड्डा घेऊन दोन्ही साधता येईल. अर्जुनराव म्हणाले, "पुढं बघू."

सहाव्या दिवशी सत्यशीलाबाई घरी आल्या, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. धुण्याचा ढीग पडला होता. अर्जुनराव त्यांना मागच्या दारी घेऊन गेले. चपला त्यांनी उंबऱ्यातच काढल्या, फरशीवर बादलीभर पाणी ओतलं आणि अनवाणी पायांनी पाण्यात उभं राहून मशीनच्या पत्र्याला दोन्ही तळहात लावले. भुजंगने मीटरची एक काडी पत्र्याला आणि दुसरी जमिनीला टेकवली.

"शून्य," तो म्हणाला. "वहिनी, बिलकुल शून्य. आता लहान लेकरानं हात लावला तरी फिकीर न्हाई."

सत्यशीलाबाई पुढे आल्या. नवऱ्याच्या ओल्या हातांशेजारी त्यांनी डाव्या हाताचं एक बोट पत्र्याला टेकवलं आणि लगेच मागे घेतलं.

"झिणझिणतंय," त्या म्हणाल्या.

भुजंगने मीटरकडे पाहिलं, मग अर्जुनरावांकडे. अर्जुनरावांचे तळहात अजून पत्र्यावरच होते, आणि तो पत्रा थंड, गप्प, मेलेला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ते बोट तिने पदरात दडवलं होतं.

"साहेब, शून्य हाय…" भुजंग पुन्हा म्हणाला.

"असू दे," अर्जुनराव म्हणाले.

त्यांनी मशीनचा प्लग ओढून काढला. मग धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते धुण्याच्या दगडापाशी खाली बसले. बसताना गुडघे कडकडले. त्यांनी ढिगातली पहिली चादर बादलीत बुडवली, तिला साबण कसा लावतात ते त्यांना आठवेना, म्हणून ती तशीच हातात धरून त्यांनी वर पाहिलं.

"आधी पिळून घ्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मग साबण."

त्यांनी पिळून घेतली.